आधी नाक, मग तेल

अरोमाथेरपी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नागपूरच्या एका प्रशिक्षणात. टेबलावर छोट्या गडद बाटल्या मांडल्या होत्या, लॅव्हेंडर, पेपरमिंट, टी-ट्री, आणि शिकवणाऱ्या मॅडम सांगत होत्या की परदेशात काही परिचारिका हे रीतसर शिकून वापरतात. शेजारी बसलेली लाखांदूरकडची सिस्टर हळूच म्हणाली, "हे तं आपल्या वॉर्डात रोजच चालते जी." खरंच होतं ते. भंडारा जिल्ह्यात पेशंट खाटेवर टेकण्याआधी त्याच्यासोबतचा वास आत येतो: कपाळावर थापलेला बाम, पदराच्या गाठीतला कापूर, छातीला चोळलेलं निलगिरीचं तेल, गुडघ्यांना गंधपुरा. तेल कसं चोळायचं हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. कधी चोळू नये, हे सांगण्यात मात्र माझी सगळी नोकरी सरली.

नव्या मुली ड्युटीवर येतात तेव्हा विचारतात, आशाताई विचारतात, घरी आजारी माणूस सांभाळणारेही विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आकडे सोयीसाठी घातलेत. पहिला मुद्दा मात्र मुद्दाम पहिला आहे.

१. आधी स्वतःचं नाक मोकळं ठेवा

वास ही रुग्णाच्या शरीराने दिलेली बातमी असते. मधुमेह्याची साखर फार चढून रक्तात आम्ल साठलं की श्वासाला जास्त पिकलेल्या फळाचा गोडसर वास येतो. पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव झाला की शी डांबरासारखी काळी होते, आणि तिचा वास ज्या सिस्टरने एकदा घेतला ती तो जन्मभर ओळखते. जखमेत स्युडोमोनास शिरला की ड्रेसिंगला हिरवट झाक येते आणि गोडसर कुबट वास सुटतो. आमच्या धानपट्ट्यात आणखी एक वास नाकाला पक्का माहीत असावा लागतो, फवारणीच्या औषधाचा. लसणीसारखा, त्यात रॉकेलसारखा भपका मिसळलेला. माणूस घामाने निथळत असतो, तोंडातून लाळ गळत असते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. सोबतचे म्हणतात, "उलट्याच होऊन राहिल्या फक्त." नाक सांगतं की विष आहे.

अशा माणसाच्या नाकाखाली बाम फासून आणला की बातमी गाडली जाते. एका रात्री मोहाडीकडची एक बाई अर्धवट शुद्धीत आली. 'बाहेरचं' समजून गावात लोबान, कापूर, उदबत्ती सगळं करून झालं होतं. साडीला धुपाचा दर्प, कपाळभर बाम. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टरने ओल्या फडक्याने आधी तिचं तोंड, नाक, कपाळ स्वच्छ पुसलं, मग वाकून तिचा श्वास हुंगला आणि म्हणाल्या, "ग्लुकोमीटर आण." मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दिसत होतं. सलाईन आणि इन्सुलिन वेळेत सुरू झालं ते त्या ओल्या फडक्यामुळे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शुश्रूषेचे नियम लिहिले, त्यात पहिला मान हवेला दिला. रुग्णाला न गारठवता त्याच्या खोलीत बाहेरच्यासारखी ताजी हवा खेळती ठेवायची. घाण तशीच ठेवून वर धुऱ्या देणाऱ्यांना त्यांनी चांगले टोले हाणले आहेत. बेडपॅन वेळेवर उचललं, ओली चादर बदलली, खिडकी उघडली, तर बहुतेक वेळा कुठल्याच बाटलीची गरज उरत नाही. वॉर्डातल्या मामांच्या आणि मावशींच्या हातात जेवढी अरोमाथेरपी आहे तेवढी कुठल्या कंपनीकडे नसेल, हे मी वरिष्ठांसमोरही म्हटलं आहे.

२. थेंब मोजा

वासाचं तेल उपचार म्हणून वापरायचं तर औषधाचे सगळे नियम त्याला लागू: कुणाला, काय, किती, कुठे, केव्हा, आणि केसपेपरवर नोंद. डॉक्टरांना आणि रुग्णाला, दोघांनाही विचारून. शुद्ध तेल कातडीवर थेट लावायचं नाही.

हिशेब अवघड नाही. सलाईनच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर, हे आपल्याला झोपेतही पाठ असतं. तेलाच्या ड्रॉपरचंही ढोबळमानाने तसंच धरा. म्हणजे ५ मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब टाकला की मिश्रण एक टक्क्याचं झालं. धडधाकट मोठ्या माणसाला एक ते दोन टक्के पुष्कळ. म्हाताऱ्या, पातळ कातडीला त्याच्या अर्धं. तान्ह्या बाळाला शून्य. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहायची; लाली, खाज आली तर विषय संपला.

उघडी बाटली हवेने बिघडते आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त त्रास देतं, म्हणून इन्सुलिनच्या बाटलीवर लिहितो तशी उघडल्याची तारीख लिहायची. बाटलीवर वनस्पतीचं नावच नसेल, नुसतं 'फ्रेग्रन्स' असेल, तर ते अगरबत्तीवाल्याचं सामान आहे, दवाखान्याचं नाही.

लिंबाच्या सालीच्या तेलाबद्दल एक इशारा. ते लावून उन्हात गेलं की कातडी पोळते आणि काळे डाग पुढे महिनोन्‌महिने राहतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला आणि जुलैत रोवणीला जाणाऱ्या बायांना 'उन्हात जाऊ नका' असं सांगणाऱ्या डॉक्टरांचं मला नेहमी हसू येतं. त्यापेक्षा ते तेलच देऊ नये.

३. कापूर पूजेच्या ताटात आहे म्हणून निरुपद्रवी नाही

लहान मुलाने अर्धा-एक ग्रॅम कापूर गिळला तरी जिवावर बेतू शकतं. मळमळ, गुंगी, आणि बघता बघता झटके. तो कातडीतूनही आत जातो. अमेरिकेत १९८३ पासून अंगाला लावायच्या औषधांत ११ टक्क्यांहून जास्त कापूर घालायला परवानगी नाही. आपल्याकडे तो किराणा दुकानात सुटा मिळतो, देवघरात मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवलेला असतो, आणि पोरगं तो प्रसाद समजून तोंडात टाकतं. असं झालं तर घरी उलटी करवायची नाही. झटका आला तर उलटी श्वासनळीत जाते. थेट दवाखाना, आणि कापराची पुडी सोबत आणायची.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब यांच्या पुरचुंडीचा निरोप मोबाईलवर फिरला. हुंगलं की ऑक्सिजन वाढतो म्हणे. वॉर्डात ज्याच्या त्याच्या गळ्यात पुरचुंडी. लोक शपथेवर सांगत की श्वास मोकळा झाला, आणि ते खोटं बोलत नव्हते. कापूर, मेंथॉल, निलगिरी यांनी नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चेततात, मेंदूला वाटतं हवा जास्त आली. नाकातली वाट मात्र होती तेवढीच राहते, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ८८ दाखवत असेल तर ८८ च दाखवतं. धोका त्या बरं वाटण्यात होता. बरं वाटतंय म्हणून माणसं दोन दिवस घरी थांबली आणि मग आली. पुरचुंडी काढून घ्यायला मी कधी जबरदस्ती केली नाही, फक्त ऑक्सिमीटर त्यांच्या समोर धरून म्हणायचे, "हुंगा, आणि आकडा पाहा."

मिरगीच्या रुग्णाला कापूर आणि निलगिरी दोन्ही वर्ज्य समजा. बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा तेलांनंतर झटके आलेल्या रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. त्यांत हीच दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. झटक्याच्या रुग्णाला गोळ्यांबद्दल सगळे विचारतात. 'डोक्याला काय चोळता, वाफेत काय टाकता', हेही विचारायला हवं.

कापराची एक पांढरी जुळी बहीण घरात असते, डांबरगोळी. बाळाचे कपडे पेटीतून काढले की तिचा वास येतो, आणि आजीला तो स्वच्छतेचा वाटतो. आमच्या भागात सिकलसेल हे नाव घराघरांत माहीत आहे, पण जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरताही इथे आढळते, तिचं नाव कुणी घेत नाही. ती कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळीच्या वाफेने रक्तपेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते. बाळंतिणीच्या वॉर्डात कपड्यांचं गाठोडं आलं की मी आधी ते हुंगायची. वास आला तर कपडे धुऊन कडक उन्हात वाळवूनच बाळाला. सिकलसेलचं नाव निघालंच आहे तर तेही: त्या मुलाचे हातपाय दुखत असतील तर बर्फ किंवा अंग गार पाडणारं काही लावू नये, गारव्याने दुखणं भडकू शकतं. कोमट शेक, भरपूर पाणी, आणि वेळेवर वेदनाशामक.

४. नाकपुडीत तेल-बाम नाही

दोन वर्षांखालच्या मुलाला मेंथॉल-कापराचा बाम लावू नये हे डबीवरच छापलेलं असतं, पण ती अक्षरं वाचायला चष्मा लागतो. तान्ह्याच्या नाकाला मेंथॉल लागलं की श्वास क्षणभर थांबू शकतो. नाकात तेल सोडण्याची जुनी रीत तर आणखी वाईट. तेल हळूहळू फुप्फुसात उतरतं आणि न हटणारा न्यूमोनिया होतो. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. आणि नाकात नाही तसं पोटातही: मुलाला कडुनिंबाचं तेल पाजायचं नाही, थेंबभरही नाही.

५. गंधपुऱ्याची बाटली औषधांच्या यादीत लिहा

गंधपुरा तेल म्हणजे जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, गिळला तर पोटात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट जातं, मोठ्यांच्या वीसेक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतकं. त्या बाटलीचा आकार खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा, आणि घरात दोन्ही एकाच फळीवर. यापुढे काही सांगायला नको.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असतं. त्याने गुडघ्यांना रोज गंधपुरा चोळला तर तो कातडीतून आत जाऊन वॉरफरिनचा असर वाढवतो. एक काकाजी हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आले होते. आयएनआर चढलेला. गोळी चुकली नव्हती, जेवण बदललं नव्हतं. त्यांच्या मांडीशी वाकल्यावर वास आला आणि उलगडा झाला. धान कापणीचे दिवस, कंबर धरलेली, दिवसातून तीनदा मालिश. "तेल का औषध असते का सिस्टर?" असं त्यांनी विचारलं. रुग्ण दाखल करताना 'काय औषधं घेता' या प्रश्नाला म्हणूनच अर्धं उत्तर मिळतं. 'अंगाला काय लावता' हा प्रश्न वेगळा विचारा.

६. ऑक्सिजनजवळ तेल नाही

९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचवता आली. तेला-कापराचा त्या आगीशी संबंध नव्हता. विजेचं कारण पुढे आलं. पण त्यानंतर या जिल्ह्यातली कुठलीही सिस्टर आगीचा विचार केल्याशिवाय ऑक्सिजनची नळी जोडत नसेल.

वासाची तेलं पेट घेतात, कापूर तर पेटवण्यासाठीच असतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ दिवा, उदबत्ती, कापूर नाही, प्लगमध्ये खोचायचं सुगंधी यंत्रही नाही. नाकात नळी असलेल्याच्या ओठांना, नाकाला तेलकट मलम लावायचं नाही. पाण्यात मिसळणारी जेली मिळते ती वापरायची. मालिश करून आलेल्या तेलकट हातांनी सिलिंडरची चावी धरायची नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की ठिणगीचीही गरज लागत नाही. आमच्याकडे खायला आणि चोळायलाही जवसाचं तेल असतं. त्याने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात दाबून ठेवला तर आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून त्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

७. ओवा-शेपा आईच्या पोटात जाऊ द्या, बाळाच्या छातीत नको

बाळंतिणीची खोली: दार बंद, खिडकीला गोधडी, खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणीच्या साली. हीच आपली घरची सुगंधचिकित्सा, आणि तिच्यामागे प्रेम आहे, त्यामुळे तिच्याशी भांडून काही मिळत नाही. साकोलीकडच्या एका गावात आशाताईसोबत गेले होते. आत गेलं की डोळ्यांतून पाणी. सासूबाई म्हणाल्या, "साऱ्याच लेकरायले धुरी देल्ली जी, कोणाले काही झालं नाही."

मी म्हटलं, "आजी, चुलीच्या धुरानं तुमाले खोकला येते का नाही?"

"येते नं."

"मंग त्या बाळाचं नाक केवढं हाय?"

त्या हसल्या. शेगडी बाहेर गेली नाही, पण दाराजवळ सरकली आणि खिडकीवरची गोधडी अर्धी वर झाली. पहिल्या भेटीत एवढंच होतं. घरभेटी एकापेक्षा जास्त असतात त्या यासाठीच: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. या पद्धतीचं मूळ आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले, आणि पुढे देशभर ती राबवली गेली. त्यातलं साधं कौशल्य म्हणजे श्वास मोजणं. शांत झोपलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, छाती आत ओढली जात असेल, तर धुरीचा वाद नंतर, आधी गाडी बोलवायची.

सातव्या दिवशी गेलो तेव्हा मी सासूबाईंना पर्याय घेऊनच गेले. ओवा-शेपा भाजून बाळंतिणीला जेवणानंतर खायला द्या, ती रीतच आहे. बाळाला ऊब हवी तर उघड्या अंगाने आईच्या छातीशी, वरून दोघांवर पांघरूण. धुरीने घर निर्जंतुक होतं हा समज सोडा. मच्छरांसाठी कॉइल लावत असाल तर तीही नको, मच्छरदाणी वापरा. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते असं २००३ मध्ये मोजलं गेलं आहे. तो आकडा ऐकून सासरेबुवांनी खिशातली बिडी चाचपली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आणि बाळाला खरंच एका वासाची गरज असते, आईच्या छातीचा. जन्मल्यावर काही वेळात बाळ त्या वासाच्या मागाने स्तनाकडे सरकतं. म्हणून आईच्या छातीला पावडर, अत्तर, बाम, वासाचं तेल काही लावू नका. दूध ओढत नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारते, 'छातीला काय लावलंय?'

८. वाफारा

भांडं जमिनीवर किंवा पाटावर, डोक्यावरून चादर, मांडीवर मूल: हे भाजण्याचं नेमकं दृश्य आहे. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या काही आठवड्यांत ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफाऱ्याने भाजलेल्या मुलांची संख्या नेहमीच्या तीसपट झाली होती. आपल्याकडे कुणी मोजलं नाही एवढंच. लहान मुलाला वाफारा द्यायचाच नाही. मोठ्यांना द्यायचा तर साध्या पाण्याचा, भांडं टेबलावर घट्ट ठेवून, निलगिरीचे थेंब न टाकता. त्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्याची छाती आवळते.

९. वॉर्डाची हवा सगळ्यांची

एका खाटेवरच्या आजींना मोगरा आवडतो, शेजारच्या खाटेवरच्या भाऊंना त्याच वासाने धाप लागते, पलीकडे कुणी पोटुशी आहे तिला उमळून येतं. जनरल वॉर्डात हवेत वास सोडणारं काहीही लावू नये, अगदी गणपतीच्या दिवसांतही. द्यायचाच तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, तो रुग्णाच्या हातात, नको वाटला की टाकता येईल असा. परत नेताना मी तो झाकणाच्या डब्यात टाकायची, उघड्या बादलीत नाही.

१०. जिथे उपयोग दिसतो तिथे नीट वापरा

इतकं वाचून मी वासाच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर पेपरमिंटने नक्की गुण येतो असं अभ्यासांतून ठामपणे म्हणता येत नाही. पण आपल्या ट्रेमध्ये असणारा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वॅब नाकाखाली धरून सावकाश, खोल श्वास घ्यायला लावला, तर मळमळ कमी होते आणि उलटीच्या औषधाची गरज घटते, असं काही चाचण्यांत दिसलं आहे. खोल श्वासाचाही त्यात वाटा असणार. स्वॅबवरचं नाव वाचून घ्या. बाटलीतलं कुठलंही स्पिरिट त्यासाठी नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला हा स्वॅब हुंगवायचा नाही. आणि मळमळ का होते हे कळल्याशिवाय ती नुसती शांत करायची नाही.

लॅव्हेंडरने झोप येते का, यावर मी वाद घालत नाही. तळपायांना पाच मिनिटं तेल लावलं की अनेक म्हाताऱ्या माणसांना झोप लागते, आणि तेल बिनवासाचं असलं तरी लागते.

११. जखमेचा वास झाकायचा नसतो, कमी करायचा असतो

आमच्याकडे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटून दिवसभर गालात. त्यामुळे तोंडाचा कॅन्सर आहे, आणि गाल फोडून बाहेर आलेल्या जखमा आहेत. त्या जखमेचा वास घर तोडतो. एका घरी पवनीजवळ ड्रेसिंगला जायचे. माणूस मागच्या खोलीत, उंबऱ्यापासून खाटेपर्यंत उदबत्त्यांची रांग, चंदनाच्या वासात सडका वास मिसळून दोन्ही असह्य झालेले. बायको तोंडाला पदर लावून जेवण दाराशी ठेवायची. तो काही बोलत नसे. त्याला सगळं कळत होतं.

हा वास जखमेतल्या, हवेविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो. त्यावर इलाज चंदन नाही. सलाईनने जखम हलक्या हाताने धुवायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकायची, वर ओलावा शोषणारं ड्रेसिंग, त्यावर मिळालं तर कोळशाच्या पुडीचं पॅड. ड्रेसिंग दिवसातून दोनदा, काढलेलं लगेच पिशवीत बांधून बाहेर. काही दिवसांत वास उतरतो. त्या घरी उतरला तेव्हा उदबत्त्या मी काढायला सांगितल्या नाहीत, बायकोनेच काढल्या, आणि ताट खाटेपर्यंत गेलं.

वासाचं तेल इथे वापरायचंच तर ड्रेसिंगच्या बाहेरच्या थरावर किंवा आपल्या मास्कवर एक थेंब. जखमेत कधीच नाही, खूप झोंबतं. आणि कुठला वास वापरायचा हे निवडताना घरच्यांना विचारा की या माणसाला काय आवडायचं, आणि नेमका तोच वास टाळा. दुर्गंधीसोबत हुंगलेला गुलाब पुढे आयुष्यभर त्या खोलीचाच राहतो. माणूस गेल्यावर बायकोला देवाला गुलाब वाहता यावा.

१२. वास गेलेल्यांना वास परत शिकवता येतो

करोनानंतर वास गेला तो गेलाच, असं सांगणारे अनेक आले. शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई आली ती रडतच. भात करपला तरी तिला कळत नव्हतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला एक साधा सराव आहे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक दहा-वीस सेकंद, निदान बारा आठवडे. हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते मनात आणायचं. चारही गोष्टी तिच्या हाताशी होत्या. झाकणाच्या चार बाटल्या, प्रत्येकीत कापूस, वर चिठ्ठी. अंगाला लावायचं नाही, चाखायचं नाही.

मध्येच ती वैतागून आली. गुलाबाचा वास जळक्या रबरासारखा येत होता. ते सुधारण्याच्या वाटेवरचंच एक वळण असतं, सोडू नको म्हटलं. पुढे एकदा दवाखान्यात आली ती शाळेतल्या गॅसची गळती तिने सगळ्यांच्या आधी ओळखली हे सांगायला. लिंबू आणि लवंग पुरते परतले होते, गुलाब अजून अर्धाच. सराव चालू ठेव म्हटलं. निलगिरीची बाटली मात्र परत मागून घेतली, घरात दोन लहान पोरं होती.